गॅरेजची मोकळी शिल्लक

अकोल्यातल्या एका मोटार गॅरेजच्या हातात दर महिन्याला नेमका किती पैसा मोकळा राहतो, याचा मी अठरा महिने माग काढत होतो. हे वाचून कोणाला मी भांडवलदार किंवा इन्कमटॅक्स खात्यातला साहेब वाटलो असेन, तर त्याचे मनापासून आभार. आमच्या घरात असा गैरसमज आजवर कोणाचाही झालेला नाही. मी कमलाकांत पांढरीपांडे, अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवतो.

एकोणसाठ साली माझी विम्याची पॉलिसी पिकली आणि दोन हजार रुपये एकदम हाती आले. ही रक्कम आमच्या कुंदाच्या शिक्षणाची. कुंदा तेव्हा नुकतीच कॉलेजात सायन्सला गेली होती आणि आपण डॉक्टर होणार हे तिनं आम्हाला कळवून टाकलं होतं. विचारलं नव्हतं, कळवलं होतं. पैशाचं काम पडायला दोन वर्षं अवकाश होता. तेवढ्यात शाळेच्या सहलीची बस मूर्तिजापूरच्या पुढे बंद पडली आणि देवमन तायडे नावाच्या माणसानं ती तासाभरात चालू करून दिली. मजुरी चार रुपये झाली होती. मी पाचाची नोट दिली, त्यानं रुपया परत केला. जो माणूस एक रुपया परत करतो तो दोन हजारही परत करील, असं अनुमान मी तिथल्या तिथे काढलं. वर्गात एखाद्या पोरानं असं अनुमान काढलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

देवमन लढाईच्या काळात फौजेच्या वर्कशॉपात होता. परत आल्यावर त्यानं अकोल्याला मूर्तिजापूर रस्त्यावर 'तायडे मोटर सर्व्हिस कंपनी' काढली होती. कंपनी म्हणजे दोन पत्र्याच्या शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, तीन कामगार आणि पाटी. माझे दोन हजार कंपनीत गेले. बोली अशी की तीन महिने आधी सांगायचं आणि पैसे घेऊन जायचं.

मी खुशीत होतो. ती खुशी आमचे शेजारी मोरोपंत यांनी मोडीत काढली. मोरोपंत कोर्टात नाझर होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरचं जप्तीचं सामान उचललं, त्यामुळे कोणाचं बरं चाललेलं त्यांना खरं वाटत नाही.

"नफा होऊन राहिला म्हणतो का तो?" त्यांनी विचारलं.

"महिन्याला अडीचशे," मी म्हणालो.

"कागदावर की डब्यात?"

"ते विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

"पांढरीपांडे, मी नफेवाल्यांच्या घरचे हंडे उचलले आहेत. नफा भिंतीवर लिहिलेला होता. डब्यात चिल्लर निघाली."

त्या दिवशी माझी झोप गेली आणि माझ्या संशोधनाला आरंभ झाला. मी एक नवी संज्ञा तयार केली : मोकळी शिल्लक. महिन्याभरात गिऱ्हाइकांकडून जे खरोखर हातात पडलं, त्यातून मजुरी, तेल, भाडं, सुटे भाग वजा करायचे. मग त्या महिन्यात घेतलेली यंत्रं आणि अवजारं वजा करायची. इतकं सगळं गेल्यावर जे उरेल तेच खरं, बाकी सगळी बोलाची कढी. ही संज्ञा मी गोदावरीला, म्हणजे सौभाग्यवतीला, तीनदा समजावून सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे महिनाअखेरीला माझ्या डब्यात राहते ती. त्याला तुम्हाला अकोल्याला जायला कशाला पाहिजे?"

तरी मी गेलो. साठ सालच्या जानेवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि अकोल्याला उतरायचं, असा क्रम सुरू झाला. पहिल्याच भेटीत कळलं की कंपनीचे हिशोब शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेले आहेत. पूर्वेच्या पत्र्यावर येणं, पश्चिमेच्या पत्र्यावर देणं. मी देवमनला म्हणालो, "हे काय? कंपनीला वही पाहिजे, वही."

देवमन कमी बोलतो. तो म्हणाला, "मास्तर, वही हारपते. पत्रा कुठी हारपत नाही."

मी ऐकलं नाही. कापडी पुठ्ठ्याच्या दोन वह्या विकत आणल्या, पत्र्यावरचा सगळा हिशोब स्वच्छ अक्षरात उतरवला आणि पत्रे ओल्या फडक्यानं पुसून घेतले. मग ज्यांच्याकडे पन्नासच्या वर उधारी होती त्या सर्वांना शुद्ध मराठीत स्मरणपत्रं पाठवली. इथे एक लहानशी चूक झाली. देवमन गिऱ्हाइकांची नावं लिहीत नसे, गाड्यांची लिहीत असे, आणि गाड्यांना त्यानं स्वतःच नावं ठेवली होती. मला ते ठाऊक नव्हतं. 'म्हातारी, पातूर, गेर व ब्रेक, ८५ रुपये' ही नोंद पातूरच्या एका जुनाट बसची होती. माझं पत्र 'श्रीमती म्हातारी, मुक्काम पातूर' या पत्त्यावर गेलं. पातूरच्या पोस्टमननं डोकं चालवून ते सुंदराबाई नावाच्या, गावातल्या सर्वांत वयस्क बाईंना नेऊन दिलं आणि वाचूनही दाखवलं.

पुढच्या रविवारी मी वही उघडून बसलो असताना सुंदराबाई छत्री घेऊन शेडमध्ये शिरल्या.

"कोन हाये तो पत्र लिवनारा?"

मी उभा राहिलो. शिक्षकाला दुसऱ्यासाठी उठून उभं राहायची सवय नसते, पण राहिलो.

"माहा कोनता गेर तुमी दुरुस्त केला? अन् ब्रेक? सत्तर वर्साची झाली मी, आजलोक कोनाची पै ठेवली नाही. पुऱ्या गावात पोरं मले गेरवाली म्हनून राहिले!"

मी बसची हकीकत सांगितली. ती ऐकून त्यांना जास्तच राग आला, कारण त्या बसपेक्षा आपण बऱ्या अवस्थेत आहोत असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. देवमननं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि पातूरच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसवून दिलं. त्या महिन्याच्या खर्चात मला 'सुंदराबाई, चहा व क्षमायाचना, चार आणे' अशी नोंद करावी लागली.

इकडे घरी मी मोकळ्या शिल्लकेचा आलेख काढायला घेतला होता. आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून बैठकीच्या भिंतीवर लावले. आडवे महिने, उभे रुपये. आमच्या मागच्या अंगणातल्या केशरबाई दही मागायला आल्या, वरखाली गेलेली रेषा पाहून दारातच थबकल्या आणि गोदावरीला हळूच म्हणाल्या, "कोनाले हाये वो येवळा ताप? दवाखान्यात असाच कागद लावते खाटेले." गोदावरी म्हणाली, "यांना आहे." संध्याकाळी केशरबाईंनी माझ्यासाठी मऊ भात आणि लिंबाचं लोणचं पाठवलं. मी खाल्लं, नाही कशाला म्हणा.

वर्षभरात रेषेचा स्वभाव ध्यानात आला. वऱ्हाडात सगळं कापसावर चालतं. कापूस निघाला की दिवाळीपासून माघापर्यंत ट्रक, बस, जीप सगळे येऊन उधारी फेडतात आणि रेषा वर चढते. मग उतरणीला लागते. पावसाळ्यात ती शून्याच्या खाली जाऊन बसते आणि दसऱ्यापर्यंत वर बघत नाही. हेही मी सहन केलं असतं. पण रेषा जरा कुठे वर आली की देवमन यंत्र घेई. फेब्रुवारीत त्यानं ग्रीस भरायचा पंप घेतला, डिसेंबरात बॅटरी चार्ज करायचं यंत्र. रेषा धाडकन खाली.

"अरे, यंत्र घेतलं नसतं तर तीनशे मोकळे राहिले असते!" मी म्हणायचो.

"यंत्र घेतलं नाही त पुढच्या साली तीनशे येतीन कुठून?" देवमन विचारायचा आणि पुन्हा गाडीखाली जायचा. खड्ड्यातल्या माणसाशी वाद घालणं कठीण असतं, त्याचे फक्त पाय दिसतात.

एकसष्ट सालच्या एप्रिलमध्ये मी नियमाप्रमाणे तीन महिन्यांची सूचना दिली. दहा जुलैला नागपूरला मेडिकलची फी भरायची होती. फी, वसतिगृह, खाणावळ, पुस्तकं आणि अभ्यासाची हाडं धरून नऊशे रुपये. जूनमध्ये कुंदाचा निकाल लागला आणि तिला जागा मिळाल्याचं पत्र आलं. घरात पेढे वाटले. पेढे खाता खाता माझी नजर भिंतीवर गेली आणि अर्धा पेढा मी परत ताटलीत ठेवला. रेषा मागच्या वर्षीसारखीच चालली तर दहा जुलैला तायडे मोटर सर्व्हिस कंपनीची मोकळी शिल्लक उणे एकशे चाळीस असणार होती. हे मी आधीच पाहायला पाहिजे होतं. सबंध अमरावतीत ती रेषा काढणारा मी एकटा होतो, आणि तिच्या खालचे महिने वाचायचं मी विसरलो होतो.

कुंदाही भिंतीकडे पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी जाईन." आवाज अगदी साधा काढला होता तिनं. पण जागा वर्षभर कोणी राखून ठेवत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मला इतकी लाज वाटली की मी चपला घालून उगाचच बाहेर जाऊन आलो.

शेजाऱ्यांनी मदत केली, म्हणजे सल्ले दिले. मोरोपंत म्हणाले, वकिलाची नोटीस द्या, बॅटरीचं यंत्र जप्त करू. केशरबाई म्हणाल्या, पोरीचं लग्नच उरकून टाका. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं की लग्न फीपेक्षा अडीच पट महाग पडतं. तेव्हा त्याही म्हणाल्या, "मंग डाक्तरच करा."

वहीत एक मोठी उधारी दिसत होती : एका सरकारी खात्याच्या जीपची, तीनशे दहा रुपये. मी त्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, बिल तयार आहे, फक्त जीप दुरुस्त झाल्याच्या दाखल्यावर साहेबांची सही पाहिजे. साहेब कुठे आहेत? दौऱ्यावर. कशानं गेले? त्याच जीपनं. "मग जीप दुरुस्त झाली हे उघडच आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "मास्तर, सरकारात उघड काही नसते." साहेब चिखलदऱ्याला असल्याचं कळलं म्हणून मी दाखला घेऊन चिखलदऱ्याला गेलो. मी घाट चढत असताना एक जीप झपाट्यानं घाट उतरत गेली. इंजिनाचा आवाज फार छान होता. देवमनचं काम चोख असतं.

शेवटी मी शिक्षकाला सुचेल तेच केलं. भिंतीवरचा आलेख उतरवून अकोल्याला नेला, गॅरेजमध्ये समोरच लावला, नऊशेच्या पातळीवर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि वर माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिलं : 'कु. कुंदा पांढरीपांडे हिची वैद्यकीय फी'. देवमन तेव्हा हवा भरायचा कॉम्प्रेसर घ्यायच्या विचारात होता. त्याला ती रेघ रोज दिसावी, एवढाच माझा हेतू. देवमननं रेघ पाहिली, हात पुसले आणि म्हणाला, "ठीक हाये." काळी रेषा मी साठ रुपयांवर सोडून आलो. रोजचा ठिपका देवमन स्वतः देणार होता.

आठवड्याभरानं मी शाळेच्या कामाला भातकुलीला निघालो होतो. तिकीट देता देता कंडक्टर म्हणाला, "तुमीच ते रेघवाले मास्तर का? कुठलोक आली?" बसमधले लोक वळून पाहायला लागले. दोन दिवसांनी भर बाजारात, मी वांगी निवडत असताना, एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून आरोळी दिली, "मास्तर, चारशेच्या वर गेली!" भाजीवालीनं विचारलं, काय गेलं? त्यानं इंजिन चालू ठेवून सगळं सविस्तर सांगितलं. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला कागद काय आहे याची उत्सुकता होती आणि सांगणाऱ्यांची तिथे कमी नव्हती. पंधरा दिवसांत बुलडाण्यापासून वर्ध्यापर्यंत अशी गाडी राहिली नाही जिला ठाऊक नव्हतं की अमरावतीच्या एका मास्तरला मुलीची फी भरायची आहे आणि त्याच्याजवळ पैसे नाहीत.

"साऱ्या वऱ्हाडात दवंडी पिटवलीत," गोदावरी म्हणाली. मी वीस वर्षं ज्या अब्रूला इस्त्री करून ठेवलं होतं ती अशी मोटारस्टँडवर लोळत होती. मी देवमनला कडक पत्र लिहिलं : आलेख ताबडतोब काढावा. उलट टपाली कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं : 'कागद काढत नाही. रेघ जवळ आली.'

दोन जुलैच्या रविवारी मी तो कागद स्वतःच्या हातानं फाडायचा निश्चय करून अकोल्याला उतरलो. गॅरेजमध्ये सूर्यभान नावाचा ट्रकचालक उभा होता. त्यानं कनवटीचे बारा रुपये काढून देवमनच्या हातावर ठेवले आणि कागदाजवळ जाऊन उभा राहिला. देवमननं पेन्सिलीनं ठिपका वर सरकवला. मी जवळ गेलो. ठिपका लाल रेघेच्या वर होता. नऊशे सात.

"अहो पण हा तर पावसाळा," मी म्हणालो. "कापूस कुठे आहे आत्ता?"

सूर्यभान म्हणाला, "उधारी त देनंच होती, मास्तर. दिवाळीले देली काय अन् आता देली काय. पोरीचं कालेज कापूस निघेलोक थांबते का?"

मी वही उघडली. माग काढायची खोड, दुसरं काय. त्रेचाळीस गिऱ्हाइकांनी जूनपासून पैसे दिले होते, कोणी दोन, कोणी साठ. सरकारी जीपचं बिल अजून दौऱ्यावरच होतं. बेरीज तपासताना मला खर्चाच्या पानावर एक कोरी जागा दिसली. 'मालकाची मजुरी' समोर मे आणि जून, दोन्ही महिने काही लिहिलेलं नव्हतं.

"देवमन, हे काय?"

"लिवाचं राहून गेलं."

"पैसे घ्यायचं राहून गेलं की लिहायचं?"

"तुमी येवळे बारीक कावून पाहाता बावा?" असं म्हणून तो खड्ड्यात उतरला. मी पायांकडे पाहत उभा राहिलो. ज्या माणसाच्या डब्यात मी अठरा महिने डोकावत होतो, त्यानं दोन महिने स्वतःच्या घरी पैसा न नेता माझी रेघ गाठली होती. माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत, खड्ड्यातून दिसत नव्हतंच काही. सात रुपये वरचे आहेत हे मी त्याला सांगितलं. खालून आवाज आला, "पोरीच्या तिकिटाले ठेवा."

आता नोटांचं. त्या सगळ्या नोटा ग्रीसमध्ये माखलेल्या होत्या. बँकेतल्या कारकुनानं चिमटीत एक धरली, वास घेतला आणि ड्राफ्ट काढायला नकार दिला. म्हणाला, नोटा स्वच्छ करून आणा. मी त्याला विचारलं की हा नियम कोणत्या कलमात आहे. त्यानं ते कलम शोधायला दोन दिवस मागितले, म्हणून मी घरी आलो. गोदावरीनं रिठ्याच्या पाण्यात नोटा धुतल्या आणि माजघरात दोरीवर टाकल्या. हवा दमट, नोटा वाळेनात. कुंदा पंखा हलवायला बसली, केशरबाई दाराशी पहाऱ्याला बसल्या. एक पाचाची नोट तरीही खिडकीतून उडाली आणि मोरोपंतांच्या ओसरीवर पडली. त्यांनी ती आणून दिली आणि पावती लिहून घेतली. आठ जुलैला ड्राफ्ट निघाला. दहाला फी भरली. कुंदा वसतिगृहाच्या पायऱ्या चढून गेली तेव्हा नोटा जिच्यातून बँकेत नेल्या त्या तिच्या बॅगेला अजून रिठ्याचा आणि ग्रीसचा वास येत होता.

माझ्यावर मात्र मोठं ओझं राहिलं. मी त्रेचाळीस नावांची यादी केली आणि एकेकाचे आभार मानायला निघालो. पातूरचा बसवाला म्हणाला, आभार कायचे, माहेच पैसे माह्याच उधारीत गेले. भातकुलीच्या बसचा मालक म्हणाला, बसा, चहा घ्या, पन हे आभाराचं नोको. सूर्यभान तर पळूनच गेला, त्याला वाटलं आणखी काही बाकी निघाली. एवढी कृतज्ञता घेऊन मी गावोगाव हिंडलो आणि एकानंही ती उतरवून घेतली नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी यादी खिशात घालून मी गॅरेजमध्ये आलो. माझे उरलेले अकराशे मला नको आहेत, ते कंपनीतच राहू देत, आणि आधी तुझी दोन महिन्यांची मजुरी घे, असं देवमनला सांगायचं ठरवलं होतं. ते सांगितलं. त्यानं मान हलवली. मग मी आभार मानायला तोंड उघडलं.

"थांबा," तो म्हणाला. त्यानं शेडच्या आतून एका मुलीला हाक मारली. दोन वेण्या, हातात सातवीचं गणिताचं पुस्तक. "हे माही शकुन. इले गनित येते. तिची माय म्हनते, मास्तरले एक डाव दाखव."

मी तिला व्याजाचं एक उदाहरण घातलं. तिनं माझ्याआधी सोडवलं. मी थोडा खजील झालो आणि फार खूश झालो.

देवमननं पत्र्यावरचा जुना कागद काढला, जपून गुंडाळला आणि मला कोरा आलेखाचा कागद मागितला. माझ्या पिशवीत असतोच. त्यानं तो स्वतः लावला, चारही कोपरे अंगठ्यानं दाबले.

"चार वर्सं हायेत मॅट्रिकले. मंग पुढचं. येच्यावर आतापासूनच एक लाल रेघ मारून ठेवा, मास्तर. दर महिन्याले या अन् पाहा."

मी पट्टी काढली, शाईची दौत उघडली. "कुठे मारू? केवढ्याची?"

देवमननं शकुनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुंदाताईची जेवळी उंच होती तेवळीच मारा. कमी नोको."

मी पट्टी धरली. वीस वर्षं फळ्यावर रेघा मारल्या, एकही कधी चुकली नाही. त्या दिवशी रेघ नऊशेच्या जरा वरूनच गेली. मी ती खोडली नाही.